मऊ भागाची इजा

बोरसे सरांच्या मानेचा विषय धुळ्याच्या देवपुरात आता कोणी मुद्दाम काढत नाही. चुकून निघालाच, तर सर रुमाल काढून आधीच स्वच्छ असलेला चष्मा पुसायला घेतात आणि विषय बदलेपर्यंत पुसत राहतात. प्रेमराज बोरसे, वय बावन्न, भूगोलाचे शिक्षक. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खोटी रजा घेतलेली नाही, हे ते स्वतः सांगत. दुसऱ्याने सांगितलं तर त्यांना जास्त आवडे.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा सर मुलीला जळगावच्या होस्टेलवर सोडून एकटेच आपल्या जुन्या गाडीतून धुळ्याला परत निघाले होते. एरंडोलच्या अलीकडे रस्त्यावर एक गतिरोधक होता. बाकीच्या गाड्या त्यावरून उड्या मारत जात होत्या. सरांनी मात्र नियमाप्रमाणे ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागून धाडकन आवाज आला, सरांचं डोकं पुढे गेलं, मागे आलं, आणि चष्मा डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी जाऊन पडला.

मागच्या पांढऱ्या गाडीतून धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. मुक्ताईनगरकडचे शेतकरी, जीवराम फिरके. केळीचा बागाईतदार माणूस. त्रेसष्टाव्या वर्षी गाडी शिकला होता आणि आता अडुसष्टाव्या वर्षी बायकोला पद्मालयाच्या गणपतीला घेऊन चालला होता. त्यांनी खाली उतरताच हात जोडले.

“चूक माहीच आहे भाऊ. तुमी थांबसान, हे ध्यानातच नाही आलं मले.”

त्यांच्या बायकोने, बेबाबाईने, सरांना पाणी दिलं आणि डिकीतून केळीची अख्खी फणी काढून पुढच्या सीटवर ठेवली. सरांची मान तेव्हा दुखत नव्हती. सर उदारपणे म्हणाले, “असू द्या आबा, होतं असं.” बंपरला पोचा आला होता, तोही त्यांनी माफ करून टाकला. घरी येऊन त्यांनी हा प्रसंग बायकोला, कामिनीवहिनींना, दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळी त्यात स्वतःचं बोलणं थोडं वाढवून सांगितलं.

सकाळी मान वळेना. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो उजेडापुढे धरला आणि म्हणाले, “हाडांना काही नाही सर. आतल्या मऊ भागाला झटका बसलाय. तीन आठवडे पट्टा लावा, जाईल.”

हा मऊ भाग सरांना पहिल्यापासून खटकला. अपघात झाला तर निदान एखादं हाड तरी मोडावं, म्हणजे सांगायला बरं असतं. शिक्षक-खोलीत कोणी तरी विचारलं, “कुठे लागलं?” सर म्हणाले, “मऊ भागाला.” तेव्हा चित्रकलेच्या मास्तरांनी स्वतःच्या खुर्चीवरची गादी उचलून सरांच्या खुर्चीवर ठेवली. त्या दिवसानंतर सर “मानेच्या स्नायुबंधांना” असं म्हणू लागले.

पण गळ्यातल्या पट्ट्याने मान मिळाला, हे खरं. भाजीवाला पिशवी गाडीपर्यंत आणून देऊ लागला. मुख्याध्यापकांनी जिना चढावा लागू नये म्हणून खालचा वर्ग दिला. आणि शेजारचे कुंदनभाऊ रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. कुंदनभाऊंच्या मेव्हण्याचा पाय कधीकाळी ट्रकखाली आला होता आणि त्याला भरपाई मिळाली होती. पाय मेव्हण्याचा असला तरी अनुभव कुंदनभाऊंचा होता. एरवी ते शुद्ध बोलत. सल्ला देताना मात्र अहिराणीवर येत.

“सर, क्लेम टाका. बठ्ठा कागद मी गोळा करस.”

“अहो, म्हातारा माणूस आहे. हात जोडले त्याने.”

“म्हाताराना खिसाले हात लागत नही. पैसा कंपनी देस. म्हातारा हप्ता भरस ना? मंग तो हप्ता कोणासाठे शे? तुमनासाठेच शे.”

हे सरांनी दोन दिवस मनात घोळवलं. म्हाताऱ्याला तोशीस नाही, कंपनीला कळणारसुद्धा नाही. मग नुकसान कोणाचं? तिसऱ्या दिवशी त्यांनी कामिनीवहिनींना सांगितलं की हा पैशाचा प्रश्न नसून तत्त्वाचा आहे. वहिनी लसूण सोलत होत्या. “कोणत्या तत्त्वाचा?” त्यांनी विचारलं. सरांना ते नीटसं आठवेना.

पहिली पायरी म्हणजे पोलिसांत नोंद. ती करायला सर बाराव्या दिवशी गेले. ठाण्यातल्या हवालदाराने वही उघडली.

“अपघात झाला बारा दिवसांपूर्वी. मग इतके दिवस का आला नाहीत?”

“मान दुखत होती.”

“मग आज दुखत नाही?”

“आजही दुखते.”

“तरी आलातच ना? मग तेव्हाच यायचं.”

सर सत्तावीस वर्षं मुलांना असेच प्रश्न विचारत आले होते. उत्तर देणाऱ्याला कसं वाटतं, ते त्यांना त्या बाकावर कळलं. पुढे पंचनाम्याला सगळे जागेवर गेले, तर रस्त्याचं काम होऊन गतिरोधकच नाहीसा झालेला. दोन पंच, हवालदार, कुंदनभाऊ आणि सर असे पाच जण सपाट डांबराकडे पाहत उभे राहिले. शेवटी “सदर ठिकाणी पूर्वी गतिरोधक असल्याचे समजते” असं लिहून पंचनामा झाला. त्या कागदावरून जीवराम आबांवर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. सरांनी कुंदनभाऊंना विचारलं, “गुन्हा कशाला?” भाऊ म्हणाले, “कागद लागस. त्याशिवाय क्लेम पुढे जात नही.” सरांनी परतताना खिडकीबाहेर पाहिलं नाही. अर्थात पट्ट्यामुळे पाहताही येत नव्हतं.

आणि मग दत्त जयंतीच्या सकाळी ते झालं. सर आंघोळ करत होते. तोंडाला साबण होता, टॉवेल मागच्या खुंटीवर होता. सरांनी मान मागे वळवली आणि टॉवेल घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुन्हा डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. कुठे काही दुखत नव्हतं. मान पूर्वीपेक्षा मोकळी झाली होती, आणि ती बरी झाल्याचं सरांना वाईट वाटलं. माणसाला स्वतःची तब्येत सुधारल्याचं दुःख व्हावं, ही गोष्ट चांगली नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. तरी बाहेर येऊन त्यांनी पट्टा लावला. परवा वकिलांकडे जायचं होतं.

वकील सारिकाताई मोठ्या झपाट्याच्या होत्या. त्यांनी पेन उघडून एकच प्रश्न विचारला, “सर, तुम्हाला काय काय करता येत नाही?”

सर विचारात पडले. खरं तर सगळं करता येत होतं. ते म्हणाले, “फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना जरा…”

“लिहिता येत नाही,” असं म्हणत ताईंनी लिहिलं. “दुचाकी?”

“माझ्याकडे दुचाकी नाही.”

“म्हणजे चालवता येत नाही.” तेही लिहिलं.

आठ दिवसांनी अर्ज टाइप होऊन आला. त्यातला माणूस कोण आहे हे सरांना प्रथम कळेना. तो बादली उचलू शकत नव्हता, झोपू शकत नव्हता, नातलगांच्या मंगलकार्यांत सहभागी होऊ शकत नव्हता, आणि शेवटच्या परिच्छेदात तो “वैवाहिक जीवनातील सुखास कायमचा मुकला” होता. कामिनीवहिनींनी तो परिच्छेद चष्मा लावून वाचला, काढून वाचला.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“तसं लिहावं लागतं म्हणे.”

“लिहा की. पण आधी मला तरी कळवायचं.” आणि त्या आत गेल्या. त्या रात्री वरणात मीठ नव्हतं, पण सरांनी ते मागितलं नाही.

त्यानंतरचे महिने अवघड गेले. कुंदनभाऊंनी सांगून ठेवलं होतं की कंपनी गुपचूप माणूस पाठवते, तो लांबून पाहतो आणि फोटो काढतो. झालं, सरांना जो तो कंपनीचा माणूस वाटू लागला. नवा इस्त्रीवाला, पांझरा नदीच्या पुलावर मासे पाहणारे दोघे, एवढंच काय, सत्यनारायणाला आलेले भटजीसुद्धा. कोणी हाक मारली की सर मान न वळवता सगळेच्या सगळे वळत, कपाट फिरवावं तसे. सहावीच्या मुलांनी त्याची नक्कल उत्तम बसवली होती. वार्षिक परीक्षेत सर पर्यवेक्षणाला होते, तेव्हा मागच्या तीन बाकांवर कॉपी चालल्याचं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. ज्या माणसाचं नाव ऐकून मुलं चिठ्ठ्या गिळत, तो खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत तीन तास उभा राहिला. अर्जातल्या माणसाला मागे पाहता येत नव्हतं.

एप्रिलच्या मधल्या एका दुपारी, बेचाळीस अंशांच्या उन्हात, सर अंगणात कूलर उघडून बसले होते. जुनं गवत काढून नवं बसवायचं होतं. त्यांनी डोकं आणि मान दोन्ही कूलरच्या पोटात घातली होती. मागून आवाज आला, “बोरसे सरांचं घर हेच का भाऊ?”

सरांनी मान बाहेर काढून फाटकाकडे पाहिलं. फाटकाशी जीवराम आबा आणि बेबाबाई उभे होते. हा काही पट्टा लावलेल्या माणसाचा हिसका नव्हता. सुदैवाने उन्हामुळे दोघांनी डोळ्यांवर हात धरले होते. सर घरात धावले. पट्टा खुंटीवर नव्हता. वहिनींनी तो धुऊन मागच्या तारेवर वाळत घातला होता. सरांनी तो ओलाच गळ्यात अडकवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर ताठ बसले. पट्ट्यातलं पाणी सदऱ्यावरून ओघळू लागलं.

बेबाबाईने ते पाहिलं आणि तिचे डोळे भरले. “पाहा हो, किती घाम सुटला यायले. बसलं तरी दुखते.”

कामिनीवहिनी पाणी घेऊन आल्या आणि तांब्या हातात धरून तशाच थांबल्या. त्या बेबाबाईच्या पायांकडे पाहत होत्या. मग सरांनीही पाहिलं. पाय अनवाणी होते. टाचा फाटून त्यांत काळ्या रेषा गेल्या होत्या आणि उजव्या तळव्याच्या कडेला फोड येऊन फुटला होता. स्टँडपासून देवपूरपर्यंतचा रस्ता तिने तसाच तुडवला होता.

“चपला कुठे विसरल्या का?” वहिनींनी विचारलं.

“नाही वो बाई. नवस आहे.”

मग ते कळलं. कोर्टाची नोटीस होळीला त्यांच्या गावी पोचली होती. सोबत सरांच्या अर्जाची प्रत होती. आबांना सरकारी मराठी कळेना, म्हणून गावातल्या शाळेच्या गुरुजींनी ओट्यावर बसून ती सगळ्यांपुढे मोठ्याने वाचली, पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत.

“सगळा ओटा चूप झाला,” आबा म्हणाले. “मास्तरांचंही वाचताना मन होत नव्हतं. एवढं हाल झाले तुमचे, आन् आमी केळी देऊन मोकळे झालो.”

“मी तव्हाच चपला काढल्या,” बेबाबाई म्हणाली. “मुक्ताईले बोलली, यायची मान बरी होऊ दे, वळू दे, तव्हाच तुह्या दारात येऊन चपला घालीन.”

वहिनींनी सरांकडे पाहिलं. सर समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

“आन् हे तर गाडीलेच हात नाही लावत आता. पोते टाकून झाकून ठेवली. यष्टीनंच येतो.”

“आबा, तुम्ही गाडी चालवत चला,” सर कसेबसे म्हणाले. “माझं काही…”

“नाही सर. एकाचं जीवन गेलं माह्या हातानं. पुरे झालं.”

ती दोघं तासभर बसली. बेबाबाईने मुक्ताईचा अंगारा आणला होता. तो सरांच्या मानेला लावताना तिने पट्टा हळूच थोडा खाली केला, जसं तान्ह्या मुलाचं झबलं खाली करावं. जाताना वहिनींनी स्वतःच्या नव्या चपला पुढे केल्या. तिने हसून नको म्हटलं आणि उन्हात निघून गेली. ज्याचं नुकसान होत नाही असं कोणीच या जगात उरलं नाही, अशी एक विचित्र भावना सरांना खुर्चीत बसल्या बसल्या झाली.

वहिनी एवढंच म्हणाल्या, “उद्याच्या उद्या जा आणि बंद करा हे.”

पण लाजेची एक गोष्ट असते, ती माणसाला लगेच सरळ करत नाही, आधी आडबाजूला नेते. सर वकिलांकडे गेले नाहीत. ते कुंदनभाऊंकडे गेले. भाऊंनी बराच विचार करून मार्ग काढला: म्हातारीला फोनवर सांगायचं की मान सुधारली, कोर्टात सांगायचं की सुधारली नाही, दोन्ही गावांत दीडशे किलोमीटरचं अंतर आहे. सरांनी फोन लावला.

“बेबाबाई, मान आता थोडी बरी आहे.”

“थोडी?” पलीकडून आवाज आला. “मग राहू द्या सर. नवस पुरा बोललेला आहे. थोड्यानं नाही फिटणार.”

सरांनी फोन ठेवला. पूर्ण बरी आहे म्हणायला जीभ वळेना, कारण पूर्ण बरी म्हटलं की ते कोर्टात आबा सहज बोलून जाणार. असे आणखी तीन आठवडे गेले. मे महिना लागला. डांबर वितळू लागलं, आणि सर रस्त्याने जाताना आधी लोकांच्या पायांकडे पाहू लागले.

मे महिन्यातल्या लोकअदालतीत धुळ्याच्या कोर्टात प्रकरण निघालं. सारिकाताईंनी कंपनीच्या साहेबांशी आधीच बोलून ठेवलं होतं. आकडा चांगला होता. टेबलामागे निवृत्त न्यायाधीश बसले होते. त्यांनी कागद चाळून सहज विचारलं, “आता मान कशी आहे?”

“अजून बराच त्रास आहे,” सारिकाताई म्हणाल्या.

तेवढ्यात मागून जीवराम आबा उठले. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. यायचीही गरज नव्हती. तसं कंपनीच्या वकिलांनी कळवलं होतं. तरी ते पहाटेच्या यष्टीने आले होते.

“साहेब, मी तो गाडीवाला. यायले काही कमी करू नका. मी डोळ्यांनी पाहून आलो यायचं घर. माणूस बसल्या जागी घामानं भिजून जाते. जे मांगतील ते द्या, आन् कंपनीनं नाही दिलं तर माह्या केळीतून घ्या.”

कंपनीचे साहेब आ वासून आपल्याच विमाधारकाकडे पाहू लागले. आबांच्या मागे, दाराबाहेरच्या व्हरांड्यात, बेबाबाई भिंतीच्या सावलीच्या बोटभर पट्टीत पाय जुळवून उभी होती. एक पाऊल उचलायची, ते ठेवून दुसरं उचलायची.

सरांनी मानेमागे हात नेला. पट्टा सुटताना चर्र असा आवाज झाला, तो त्या शांत खोलीत फार मोठा वाटला.

“साहेब,” ते म्हणाले, “तीन आठवडे दुखली. मग थांबली.”

“थांबली म्हणजे?”

“दत्त जयंतीला थांबली.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग हा पट्टा पाच महिने कशाला?”

“काढायचा कसा ते कळेना,” सर म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. न्यायाधीशांनी बराच वेळ काही लिहिलं आणि डॉक्टरांच्या बिलाएवढी व औषधांएवढी रक्कम मंजूर करून, सरांवर पुढे काही करायचं टाळून, फाइल बाजूला सारली. सारिकाताई बाहेर येताना हळूच म्हणाल्या, “सर, खरं बोलायचं होतं तर आधी सांगायचं. माझी तीन पानं वाचली असती.”

व्हरांड्यात आबा सरांच्या उघड्या मानेकडे पाहत होते. ते सगळं ऐकून आले होते, तरी त्यांनी सरांसाठी एक वाट ठेवली. बायकोला ते म्हणाले, “मुक्ताईनं ऐकलं. सरांची मान बरी झाली.”

ती वाट सोपी होती. नुसतं हो म्हणायचं होतं. बेबाबाईचा चेहरा उजळला होता. “कव्हापासून बरी आहे?” तिने विचारलं.

“दत्त जयंतीपासून,” सर म्हणाले.

तिने मनाशी महिने मोजले. “मी तर चपला होळीले काढल्या.”

“हो.”

“म्हंजे मी काढल्या तव्हा तुमाले काही नव्हतंच.”

“नव्हतं.”

ती रागावली नाही. रागावण्याची सर वाट पाहत होते. तिने फक्त पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, “चला. यष्टी जाईन.”

“मी सोडतो,” सर म्हणाले. “मुक्ताईनगरला. गाडी खाली आहे.”

आबा काही बोलणार होते. बेबाबाईने आधी मान हलवली. “येऊ द्या यायले. तथी आईच्या दारात यायचंच काम आहे.”

दीडशे किलोमीटरचा रस्ता होता. एरंडोल गेलं, जळगाव गेलं, भुसावळ गेलं. आबा पुढच्या सीटवर बसून रस्ता पाहत होते आणि समोर काही आडवं आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जाई. वरणगावच्या पुढे सरांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि म्हणाले, “आबा, इथून तुम्ही चालवा.” आबांनी आधी स्टिअरिंगच्या चाकाकडे पाहिलं. मग त्यांनी धोतर सावरलं आणि उतरून चालकाच्या बाजूला आले. पहिले दोन किलोमीटर मागून बैलगाडी पुढे गेली असती. सर शेजारी बसून होते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

मुक्ताईच्या देवळात दुपारची बरीच माणसं होती. बेबाबाईने सरांना समोर उभं केलं. “आईले दाखवा,” ती म्हणाली. “मी वळू दे बोलली व्हती.”

सरांनी डावीकडे मान वळवली. तिकडे रांगेतली माणसं पाहत होती. उजवीकडे वळवली. तिकडेही पाहत होती. एक बाई दुसरीला विचारत होती की यायले काय झालं आहे.

“आता वर. आईकडे.”

सरांना ते जमेना. फरशीवर त्यांचे स्वतःचे पाय होते, शेजारी बेबाबाईचे होते, आणि नजर तिथून हलत नव्हती. मग तिने वाकून खालून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, “दुखते का अजून? दुखत असन तर तसं सांगा. मग नवस नाही फिटला.”

तेव्हा सरांनी मान वर केली. मूर्ती त्यांना धूसर दिसली, पण पूर्ण दिसेपर्यंत ते तसेच पाहत राहिले. बेबाबाईने नीट खात्री करून घेतली. मग ती पायरीपर्यंत गेली, काखेतल्या पिशवीतून जुन्या चपला काढल्या, पदराने पुसल्या, आणि एक एक करून पायांत घातल्या.